गुळवेल : काढ्यापासून रेणूपर्यंत

जीवकाची कथा आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली आहे. राजगृहाचा हा तरुण तक्षशिलेस एका विख्यात वैद्याकडे सात वर्षे राहिला. अखेरीस आचार्यांनी त्याला कुदळ घेऊन तक्षशिलेभोवती चहूबाजूंनी योजनभर फिरण्यास सांगितले आणि जी वनस्पती औषधी नाही ती घेऊन येण्याची आज्ञा केली. जीवक फिरला आणि रिकाम्या हातांनी परतला. औषधी नाही असे त्याला काहीच आढळले नव्हते. आचार्यांनी त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे सांगितले. विनयपिटकातील महावग्गात ही कथा आली आहे.

प्रत्येक वनस्पती औषधी असते, एवढाच या कथेचा अर्थ बहुधा सांगितला जातो. आम्हांस तो अपुरा वाटतो. परीक्षा जीवकाच्या नजरेची होती. मूळ घ्यावे की पान, किती घ्यावे, कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, हा विचार प्रत्येक झुडपापाशी थांबून त्याला करावा लागला असणार. ‘सर्व काही औषध आहे’ हे एक विधान झाले. ‘या वनस्पतीतील अमुक पदार्थ अमुक कार्य करतो’ हे दुसरे. या दोहोंमधील वाट फार लांब आहे. ती वाट विज्ञान कसे चालते, हे आपल्या जिल्ह्यातील एका परिचित वेलीच्या निमित्ताने सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

महावग्गातच भेसज्जक्खंधक नावाचे प्रकरण आहे. आजारी भिक्खूंना कोणती औषधे घेण्याची अनुज्ञा आहे याची तेथे वर्गवारी आहे : मुळे, काढे, पाने, फळे, डिंक, क्षार. पानांच्या यादीत कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस यांच्या सोबतीने चक्क कपाशीचे पान येते. कापसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढ्यासाठी तरी ती यादी एकदा वाचावी. गुळवेलीचे नाव मात्र त्या यादीत नाही. ते पुढे पाली अट्ठकथांत ‘गळोची’ या रूपात भेटते. संस्कृतातील ‘गुडूची’, हिंदीतील ‘गिलोय’ आणि आपली ‘गुळवेल’ ही सारी एकाच वेलीची नावे होत. नावात गूळ असला तरी चव कडू, ही गंमत लहान मुलांना फार आवडते.

यवतमाळ जिल्ह्यात ही वेल शोधायला जावे लागत नाही. केळापूर, घाटंजी, झरी-जामणी, मारेगाव या तालुक्यांतील सागवानी जंगलाच्या कडेला, शेताच्या कुंपणावर, गावाबाहेरच्या कडुनिंबावर ती चढलेली दिसते. हृदयाच्या आकाराचे पान, लांब देठ, फांद्यांवरून खाली लोंबणारी सुतळीसारखी हवाई मुळे, आणि खोडावर कागदासारखी पातळ, नखाने सहज सुटणारी साल. ती सोलली की आत हिरवा गर. खोड आडवे कापले तर गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. कापलेला तुकडा टाकून दिला तरी तो पुन्हा फुटतो, म्हणूनच तिला ‘छिन्नरुहा’ असेही म्हटले आहे. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. कडुनिंबावर चढलेली गुळवेल श्रेष्ठ, असे जाणते लोक सांगतात.

करोनाच्या काळात ही वेल एकाएकी घराघरांत पोहोचली. आयुष मंत्रालयाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत गुडूचीचा समावेश होता, आणि त्या उन्हाळ्यात बांधावरच्या वेली पाहता पाहता दिसेनाशा झाल्या. तेव्हापासून पालक सभेत एक प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो : वसतिगृहातील मुलांना पावसाळ्यात गुळवेलीचा काढा द्यावा काय? त्याने प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात, ते खरे काय? सभेत या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर देणे आम्हांस कधीच जमले नाही. या लेखास तेच कारण आहे.

प्रथम ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणजे काय वाढते, हे पाहिले पाहिजे. शरीराचे संरक्षण ही एखाद्या हौदातील पाण्यासारखी एकच वस्तू नाही, की जिची पातळी वर गेली म्हणजे झाले. आपल्याकडे पीक हातातोंडाशी आले की रानडुकरांपासून राखण्यासाठी रात्रीची जागल करतात. शरीरातही असे जागले आहेत. काही पांढऱ्या पेशी जंतू दिसताच त्याला गिळतात व आत मारून टाकतात; त्यांना भक्षक पेशी म्हणतात. काही पेशी, ज्यांना बी-पेशी म्हणतात, त्या प्रतिपिंडे तयार करतात. टी-पेशी संसर्ग झालेल्या पेशी हेरतात आणि इतरांना सूचना देतात. शिवाय रक्तात प्रथिनांची एक साखळी असते, जी जंतूच्या आवरणाला छिद्र पाडते. म्हणून एखादा पदार्थ ‘प्रतिकारशक्ती वाढवतो’ असे कोणी म्हटले, तर यांपैकी कोणाचे काम वाढवतो, हा पुढचा प्रश्न होय. आणि जागल्याच्या अंगात फार जोर आला तर अंधारात तो घरच्याच बैलावर काठी चालवील, हीही शक्यता ध्यानात ठेवावी लागते. स्वतःच्याच अवयवांवर प्रतिकारसंस्था उलटते असे आजार आहेत, आणि ते विरळा नाहीत.

गुळवेलीबाबत हा पुढचा प्रश्न ज्यांनी नेटाने विचारला, त्यांत मुंबईच्या परळ येथील सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालय येथील औषधशास्त्रज्ञांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. उर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासून गुळवेल, शतावरी, अश्वगंधा यांसारख्या वनस्पतींची आधुनिक कसोट्यांवर तपासणी आरंभिली. डहाणूकर या मराठीतील लेखिका म्हणूनही आपल्या वाचकांना परिचित असतील.

1992 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे. उंदरांच्या पोटात ई. कोलाय या जंतूंची मोठी मात्रा टोचली. ज्या उंदरांना आधी काहीच दिले नव्हते ते सर्व, म्हणजे 100 टक्के, दगावले. ज्यांना आधी काही दिवस गुळवेलीचा अर्क दिला होता, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण 17.8 टक्के राहिले. येथवर ऐकून कोणीही म्हणेल की गुळवेल जंतूंना मारते. संशोधकांनी तेही पडताळले. काचपात्रात जंतूंवर सरळ अर्क घातला, तेव्हा जंतू मेले नाहीत. म्हणजे मारणारा दुसराच कोणी होता. गुळवेल घेतलेल्या उंदरांच्या भक्षक पेशी जंतूंना अधिक प्रमाणात गिळत होत्या व अधिक प्रमाणात मारत होत्या. प्रतिजैविक औषध स्वतः लढते. येथे वेलीने लढणाऱ्यास जागे केले होते. एक साधी तुलना ठेवली नसती, तर हा भेद कधीच कळला नसता.

त्याच रुग्णालयात पुढे माणसांवर चाचणी झाली. कर्करोगामुळे पित्तनलिका बंद होऊन कावीळ झालेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया जोखमीची असते, कारण अशा कावीळीत भक्षक पेशी दुबळ्या होतात आणि संसर्ग रक्तात पसरतो. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 30 रुग्णांचे दोन गट केले. दोहोंना नेहमीचे उपचार मिळाले; एका गटास त्याशिवाय पित्ताचा निचरा होत असलेल्या काळात दर किलो वजनामागे रोज 16 मिलिग्रॅम गुळवेल, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे एक ग्रॅम, तोंडावाटे दिली. नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या रुग्णांत रक्तातील संसर्गाची लक्षणे दिसली; गुळवेलीच्या गटात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 40 टक्के, दुसऱ्यात 92.4 टक्के. आकडे थक्क करणारे आहेत यात शंका नाही. तथापि 30 ही संख्या लहान आहे. इतक्या थोड्या माणसांत दोघातिघांच्या नशिबाचा फेर पडला तरी टक्केवारी मोठा हेलकावा घेते. गणिताच्या तासाला टक्केवारी शिकवताना आम्ही हे उदाहरण मुद्दाम घेतो. शिवाय हे रुग्ण गंभीर आजारी होते, त्यांची प्रतिकारशक्ती मोजून खालावलेली आढळली होती. त्यांच्यावरून धडधाकट शाळकरी मुलाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

अर्क काम करतो एवढे कळले, तरी अर्कातील कोण काम करतो हे शिल्लक राहते. गुळवेल म्हणजे एक पदार्थ नव्हे. तो शेकडो पदार्थांचा गाव आहे. त्यात कडू द्रव्ये आहेत, पिवळसर अल्कलॉइडे आहेत, मेण आहे, पिष्ट आहे, लांबच लांब साखळ्यांच्या शर्करा आहेत. यांतील कर्ता कोण, हे शोधण्याची रीत सांगायला सोपी आणि करायला चिकाटीची आहे.

खोड सावलीत वाळवून त्याची भुकटी करतात. ती एकामागून एक वेगवेगळ्या द्रावकांत भिजवतात. आधी पेट्रोलियम ईथरसारखे द्रावक मेण व तेलकट अंश काढून घेते, मग इथाइल ॲसिटेटसारखे मधल्या स्वभावाचे, मग अल्कोहोल, शेवटी पाणी. तेलाचा डाग पाण्याने निघत नाही आणि साखर रॉकेलमध्ये विरघळत नाही, हाच तो न्याय. अशा रीतीने एका अर्काचे चार-पाच अंश होतात. प्रत्येक अंश पेशींवर किंवा प्राण्यांवर तपासायचा. ज्यात गुण दिसेल तोच पुढे न्यायचा, बाकीचे बाजूस ठेवायचे. त्या गुणी अंशाचे पुन्हा भाग पाडायचे, पुन्हा तपासायचे. प्रत्येक पायरीवर वाट रसायनशास्त्र दाखवत नाही, जीवशास्त्रीय चाचणी दाखवते. शेवटी हाती येणारा शुद्ध पदार्थ किलोभर खोडामागे कित्येकदा मिलिग्रॅममध्ये मोजावा लागतो.

भाग पाडण्याचे मुख्य साधन क्रोमॅटोग्राफी. गाळणकागदावर शाईचा ठिपका देऊन त्याचे टोक पाण्यात बुडवले की शाईतील रंग वेगवेगळे चढतात, हा प्रयोग आपल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने केला आहे. प्रयोगशाळेतील काचेचे स्तंभ त्याचीच मोठी भावंडे. मोठ्या रेणूंसाठी मात्र वेगळा स्तंभ वापरतात : सूक्ष्म छिद्रांचे जेलचे मणी त्यात भरलेले असतात आणि रेणू आकारानुसार वेगळे होतात. आधी कोण बाहेर पडेल, असे विचारले तर वर्ग एका आवाजात ‘लहान’ म्हणतो. उत्तर उलट आहे. लहान रेणू मण्यांच्या छिद्राछिद्रांत शिरून भटकत राहतात. मोठे कोठेच मावत नाहीत, म्हणून सरळ रस्त्याने आधी बाहेर येतात.

याच मार्गाने मुंबईच्या तुर्भे भागातील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी गुळवेलीच्या वाळलेल्या खोडातून एक बहुशर्करा वेगळी काढली आणि 1999 साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. गॅलॅक्टोज व अरॅबिनोज या साध्या शर्करांच्या कड्या जोडून बनलेली ही लांब साखळी, म्हणून तिच्या जातीचे नाव अरॅबिनोगॅलॅक्टन. प्रयोगशाळेतील तिची ओळख ‘जी1-4ए’. या शुद्ध पदार्थाच्या सहवासात बी-पेशी भराभर विभागू लागल्या, आणि त्यासाठी भक्षक पेशींच्या मदतीची गरज पडली नाही. अणुशक्तीच्या संस्थेत वेलींचे काय काम, असे काहींना वाटेल. किरणोत्सर्गाचा पहिला आघात रक्त व प्रतिकारपेशी तयार करणाऱ्या यंत्रणेवरच होतो. त्या यंत्रणेस सावरणाऱ्या पदार्थांचा शोध तेथे स्वाभाविकच ठरतो.

या शोधात एक खाचखळगा होता, आणि आमच्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. ई. कोलायसारख्या जंतूंच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. तो अत्यल्प प्रमाणातही प्रतिकारपेशींना खवळवतो. जंतू सर्वत्र आहेत : खोडावर, मातीत, पाण्यात, काचेच्या भांड्यात. वनस्पतीतून बहुशर्करा काढताना तो सोबत आला, तर पेशी चेतवल्या जातील, संशोधक हर्षभरित होईल आणि श्रेय वेलीस जाईल. प्रत्यक्षात कर्ता मात्र भांड्याला चिकटलेला जंतू असेल. जगभरातील अनेक ‘प्रतिकारवर्धक’ वनस्पतींवरील संशोधनात ही शंका घ्यावी लागते. गुळवेलीच्या बाबतीत ती अधिकच तीव्र होती. पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या ग्राहकामार्फत एंडोटॉक्सिन ओळखले जाते, त्याच टीएलआर-4 नामक ग्राहकामार्फत जी1-4ए देखील काम करते, असे त्याच केंद्राच्या पुढील अभ्यासांत दिसून आले. दोघे एकाच दारातून आत शिरतात; मग आत आले ते नेमके कोण, हे कसे ओळखावे? त्यासाठी पॉलिमिक्सिन-बी हे एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारे द्रव्य वापरतात. ते घातल्यावर परिणाम नाहीसा झाला तर चोर जंतू होता. परिणाम टिकला तर श्रेय वनस्पतीचे. दुसरी कसोटी नालखेकडा नावाच्या सागरी प्राण्याच्या निळसर रक्तापासून करतात, जे एंडोटॉक्सिनच्या स्पर्शाने गोठते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रज्ञांनी जी1-4ए या पदार्थाचे वर्णन ‘जंतूपासून न आलेला’ टीएलआर-4 उत्तेजक असे केले. ते एक विशेषण मिळवण्यास दहा वर्षे लागली. पुढे 2016 साली याच पदार्थाने क्षयाचा संसर्ग झालेल्या उंदरांतील जंतूंची संख्या घटते, असेही त्याच केंद्राने दाखवले. क्षयाने घरे रिकामी झालेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही वार्ता मोलाची वाटेल. परंतु ती अद्याप उंदरांपुरतीच आहे, आणि क्षयरुग्णाने त्यावर विसंबून चालू गोळ्यांत खंड पाडणे आत्मघातकी ठरेल.

बहुशर्करेवर सारे संपत नाही. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी 1997 साली गुळवेलीतील लहान रेणू तपासले. कॉर्डिओसाइड, कॉर्डिफोलिओसाइड-ए आणि कॉर्डिओल यांनी प्रतिपिंडांचे प्रमाण वाढवले, भक्षक पेशी चेतवल्या. त्याच वेलीतील सिरिंजिनने मात्र, आणि कॉर्डिओलनेही, रक्तातील त्या छिद्र पाडणाऱ्या प्रथिनसाखळीस आवर घातला. म्हणजे एकाच वेलीत, नव्हे एकाच रेणूत, एके ठिकाणी लगाम आणि दुसरीकडे चाबूक! 2012 साली पालमपूरची हिमालयीन जैवसंपदा संस्था आणि मुंबईच्या नायर रुग्णालयाचे महाविद्यालय यांनी मिळून सात क्रियाशील रेणू वेगळे केले. त्यांत कॉर्डिफोलिओसाइड-ए व सिरिंजिन पुन्हा होतेच, शिवाय मॅग्नोफ्लोरिन, टिनोकॉर्डिसाइड इत्यादी. त्यांची चाचणी मानवी रक्तातील भक्षक पेशींवर झाली. हे सारे वाचल्यावर ‘गुळवेलीने प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्य आम्हांला तरी पूर्वीसारखे सहज उच्चारता येत नाही. कोणता अंश, कोणत्या द्रावकात, कोणत्या पेशीवर, एवढे विचारल्यावाचून त्या वाक्यास अर्थ येत नाही. म्हणूनच जाणकार आता ‘वर्धक’ असे न म्हणता ‘नियामक’ असा शब्द योजतात.

आता सावधगिरीचा भाग, जो पालकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. 2021 साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. करोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृतास इजा झाली होती, आणि काहींत पूर्वीचा दडलेला, स्वतःच्या यकृतावर प्रतिकारसंस्था उलटण्याचा विकार उघड झाल्याची शंका होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला : वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, कदाचित ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल असेल. आक्षेप अगदीच निराधार नव्हता, कारण त्या वेलीचे यकृतावरील दुष्परिणाम नोंदलेले आहेत. 2022 साली देशातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा मोठा वृत्तांत आला, आणि त्यात घेतलेल्या औषधांच्या नमुन्यांचे विश्लेषणही केलेले होते. त्यामुळे केवळ चुकीच्या वेलीवर दोष ढकलता येईना. असे रुग्ण, वेल घेणाऱ्या कोट्यवधींच्या मानाने थोडेच असतील. परंतु ज्या पदार्थात पेशी चेतवण्याचे सामर्थ्य आहे असे आपण प्रयोगशाळेत सिद्ध करतो, तोच एखाद्याच्या देहात नको ते चेतवील, यात आश्चर्य कसले? ‘वनस्पती आहे, अपाय कसा होईल’ हा युक्तिवाद धोतऱ्याचे बी ठाऊक असलेल्या जिल्ह्यात तरी कोणी करू नये.

ओळख पटवणे हे तर पहिले काम. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे ठळक असतात. आपल्या गुळवेलीवर बारीक ठिपके असतात, पण साल कागदासारखी सुटते. गुळवेलीचे आणखी एक भावंड आहे, त्याच्या पानाला खालून लव असते. हे फरक कोलाम आणि गोंड समाजातील जाणत्या स्त्री-पुरुषांना पुस्तकावाचून दिसतात. संशोधन संस्थांत वनस्पतीचा नमुना वाळवून, दाबून, क्रमांक देऊन जपून ठेवतात, म्हणजे पुढे वाद निर्माण झाला तर तो काढून पाहता येतो. मुंबईतील वाद तशा नमुन्याअभावीच चिघळला. ग्रामपंचायतींनी करावयाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत गावोगावच्या या ज्ञानाची नोंद व्हावी अशी तरतूद जैवविविधता कायदा, 2002 अन्वये आहे. ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून औषध कंपन्यांना विकण्याचा उद्योग उभा केला आहे. आपल्या जिल्ह्यात मात्र आजही बहुतेक ठिकाणी वेल व्यापाऱ्याच्या गाडीत जाते आणि ओळखणाऱ्याच्या पदरी मजुरीच पडते. यावर स्वतंत्र लेख होऊ शकेल, येथे एवढेच.

तर मग काढा द्यावा काय? वसतिगृहात आम्ही तो सरसकट देत नाही. धडधाकट मुलास त्याची गरज असल्याचा पुरावा आमच्या पाहण्यात नाही. पोटभर डाळ, अंडी, हिरव्या भाज्या, स्वच्छ पाणी, पुरेशी झोप आणि वेळेवर लसीकरण यांच्याविषयी पुरावा भरपूर आहे. कोणी घरी परंपरेने घेत असेल, तर वेल नक्की ओळखलेली असावी, दिवसामागून दिवस घेऊ नये, आणि कावीळ, यकृताचा विकार, संधिवातासारखा स्वतःवर उलटणारा आजार किंवा मधुमेहाची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढा थांबवून दवाखाना गाठावा. कालाम लोकांनी तथागतांना विचारले होते की, निरनिराळे आचार्य निरनिराळे सांगतात, आम्ही कोणाचे खरे मानावे? परंपरा आहे म्हणून नव्हे, ग्रंथात आहे म्हणून नव्हे, सांगणारा आदरणीय आहे म्हणूनही नव्हे, असा त्या उत्तराचा रोख होता. आमचेही म्हणणे केवळ शिक्षक म्हणून मान्य करू नये. वर दिलेले प्रयोग, वर्षे आणि संस्था ही पडताळण्यासाठीच दिली आहेत.

पडताळणीचा एक छोटा भाग शाळेच्या प्रयोगशाळेतही होतो. गुळवेलीचे सत्त्व काढण्याची आपली जुनी रीत ठाऊक असेलच : ताजे खोड ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायचे, कुस्करून गाळायचे, पाणी स्थिर ठेवायचे, वरचे पाणी ओतून तळाचा पांढरा साका वाळवायचा. बारीक विचार केला तर हीसुद्धा अंश वेगळे करण्याचीच कृती आहे. नववीच्या विद्यार्थ्यांनी त्या पांढऱ्या सत्त्वावर आयोडीनचा थेंब टाकला. ते क्षणात निळे-काळे झाले, म्हणजे त्यात मुख्यतः पिष्ट होते, बटाट्यात असते तसे. मग ओतून दिलेल्या पाण्याचा थोडा भाग गाळून आटवला आणि त्यात तिप्पट-चौपट अल्कोहोल हळूहळू ओतले. पेल्यात ढगासारखे पांढुरके तंतू तरंगू लागले. पाण्यात विरघळणाऱ्या लांब शर्करा अल्कोहोलमध्ये अशाच साकळतात. संशोधक त्यांना वेगळे करताना हीच युक्ती योजतात. अर्थात त्या तंतूंत प्रथिने असतात, क्षार असतात, आणखीही बरेच काही असते. तो साका औषध नव्हे, हे मुलांना दोनदा सांगावे लागले.

तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, मग आजी जे ओतून देत होती, त्यातच खरे होते का?” आम्ही तिला सांगितले की, असू शकेल. तो पेला झाकून, त्यावर तारीख लिहून, तिच्याच हातांनी कपाटात ठेवला आहे.